हळदीच्या आदल्या दिवशी

खानदेशात लग्न ठरलं की घरातली जुनी बाई बोटांवर मोजत क्रम सांगायची: सुपारी, बस्ता, मांडव, हळद, लगीन. त्यात मेंदी नव्हती. नवरीच्या हाताला मेंदी लागायची, पण ती निजायच्या आधी, स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, बहिणी-मावश्यांपैकी कोणाच्या तरी हातून. तिच्यासाठी दिवस राखलेला नसे आणि पैसे देऊन बोलावलेली बाई तर नसेच. आज जळगाव, भुसावळ, अमळनेरला जा किंवा धुळे, शिरपूर, दोंडाईच्याला. पुष्कळ घरांत हळदीचा आदला दिवस मेंदीचा असतो. नवरीचे दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत आणि पाय पोटरीपर्यंत भरायचे असतात. त्या दिवशी तिला कोणी काम सांगत नाही, कारण तिच्या हातात काही धरताच येत नाही.

ही भरगच्च मेंदी आपली नाही, मारवाड्यांची आहे, सिनेमातून आली आहे, अशी कुरकूर मी बऱ्याच मांडवांत ऐकली आहे. ती बाहेरून आली हे खरं. पण तिच्या येण्यानं खानदेशी लग्नाचं काही गेलं असं मला वाटत नाही. इथल्या लग्नात बायकांच्या वाट्याला रांधणं, वाढणं, आहेर मांडणं आणि रात्री उशिरा जेवणं एवढंच यायचं. तिथं एक अख्खा दिवस असा आला, ज्याला मुहूर्त नाही, भटजी नाही, मानपान नाही आणि ज्यात पुरुषांनी ठरवावं असं काही नाही. हा दिवस जपण्यासारखा आहे आणि तो ज्या बाईच्या हातांवर उभा आहे ती मेंदीवाली ताईही जपण्यासारखी आहे.

दिवस आदलाच का, याचं उत्तर तेलात आणि कातडीत आहे. हळद लागते तेव्हा तेल येतं, आणि तेलकट हातावर मेंदी चढत नाही. शिवाय हळदीनंतर अंग घासून आंघोळ होते, त्यात ताजा रंग निघतो. म्हणून मेंदी हळदीच्या आधी, आणि आधी म्हणजे दुपारी मेंदी, संध्याकाळी हळद असं नव्हे. मधे एक रात्र हवी. मेंदीच्या पानात लॉसोन नावाचं रंगद्रव्य असतं, वाळलेल्या पानाच्या वजनात साधारण १ ते २ टक्के. लगदा भिजला की ते सुटं होतं, कातडीच्या वरच्या थरातल्या केराटिनला चिकटतं आणि मग हवेत हळूहळू गडद होत जातं. लगदा खरवडला त्या घटकेला हात नारिंगी दिसतो. तो पाहून नवरीची आई हटकून घाबरते. खरा तांबूस-तपकिरी रंग चढायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणजे आदल्या दिवशी काढलेली मेंदी बरोबर अक्षता पडतात त्या वेळी पूर्ण रंगात असते. हळदीच्या वेळी ती थोडी कच्चीच असते, म्हणून हळद लावणाऱ्या बायकांना ताई आधीच बजावून ठेवतात: तळहात सोडून लावा, घासू नका.

वॅक्सिंग करायचं असेल तर ते मेंदीच्या आधी, तेही त्याच दिवशी नको. फेशियल, क्रीम सगळं आधी. एका मेंदीपायी लग्नघराचं आठवड्याचं वेळापत्रक असं मागं मागं सरकत जातं. धुळ्याच्या एका घरी मी दोन आत्यांना यावरून बराच वेळ वाद घालताना पाहिलं. हळद रीतीप्रमाणे त्याच संध्याकाळी लागली पाहिजे असं थोरलीचं म्हणणं, आणि मग मेंदीचे पैसे पाण्यात असं धाकटीचं. शेवटी मेंदी एक दिवस मागं गेली, हळद आपल्या जागी राहिली. खानदेशात बहुतेक घरांनी हीच वाट काढली आहे. रीत मोडली नाही, नव्याला तिच्या अलीकडे जागा करून दिली.

लग्नं पुष्कळशी एप्रिल-मेमध्ये. कापूस विकून झालेला, शाळांना सुट्ट्या, आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त आपोआप चांगला. पण जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या आसपास खेळत असतो. गरमी मेंदीला मानवते. लगद्यातून रंग लवकर सुटतो, गरम हातावर तो खोलही चढतो. त्रास होतो तो घामाचा आणि कूलरचा. घामानं बारीक रेघ फुटते. कूलर थेट अंगावर घेतला तर लगदा सुकून खपल्या पडतात आणि पडलेल्या खपलीखाली रंग अर्धवट राहतो. म्हणून नवरी कूलरपासून हात लांब धरून बसते, कोणीतरी पदरानं वारा घालतं, आणि लिंबू-साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्यानं टिपत राहतात. साखरेनं लगदा चिकटून राहतो, ओल टिकते. तव्यावरच्या लवंगांचा धूर घेतात, त्याची ऊब हातांना मिळते. ताई निलगिरीचं तेल घालतात तेही रंगासाठीच.

तळहाताची कातडी जाड, म्हणून तिथं रंग सगळ्यात गडद. मनगटापासून वर कातडी पातळ होत जाते आणि रंग फिका पडत जातो. कोपरापर्यंतची मेंदी काढणारीला हे आधीच हिशेबात धरावं लागतं. तळहातावर बारीक जाळी, नाजूक वेल चालते, कारण तिथली केसाएवढी रेघसुद्धा उठून दिसते. कोपराकडे तेवढंच बारीक काम केलं तर चार हातांवरून काहीच दिसत नाही. तिथं रेघ जाड, आकार मोठे, भरीव काम जास्त. नवखी मुलगी सगळीकडे एकाच जाडीनं काढते आणि फोटोत नवरीचा हात मनगटापाशी कापल्यासारखा दिसतो. एवढं समजायला दोन-तीन लग्नसराया जातात, असं अनुभवी ताई सांगतात.

काम सुरू होतं ते हद्दीपासून. कोपराच्या वर बाजूबंदासारखी पट्टी आखली की खालची जागा ठरते. मग तिचे कप्पे: कमळ, कैरी, जाळी, मोर, हत्ती, मधे डोली किंवा राजा-राणी. दोन्ही हात जोडले की एक चित्र व्हावं अशी मांडणी असेल, म्हणजे अर्धी वरात डाव्या हातावर आणि अर्धी उजव्या, तर दोन्हीकडची मापं जुळली पाहिजेत, आणि कातडीवर पट्टी-पेन्सिल चालत नाही. बोटं सगळ्यात शेवटी. एक हात पुढून, मग दुसरा पुढून, ते जरा सुकले की मागून. एकटी बाई असेल तर हातांनाच पाच-सहा तास जातात, पाय वेगळे. दोघी असतील तर एक हाताशी, दुसरी पायाशी. नवरी गादीवर उशांना टेकून. तिला घास कोणीतरी भरवायचा, पाणी स्ट्रॉनं, नाकावर माशी बसली तर धाकट्या बहिणीला हाक. लग्नाच्या सगळ्या धावपळीत नवरीला एका जागी बसवून तिची उस्तवार करणारे एवढेच तास असतात. कित्येक मुली सांगतात की आईशी निवांत बोलणं झालं ते याच वेळी.

खानदेशाला मेंदी मुळीच ठाऊक नव्हती असं मात्र नाही. मळ्याच्या, शाळांच्या, बंगल्यांच्या कुंपणाला मेंदी असायची. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी यायच्या, गौराई बसायची, झाडांना झोके बांधले जायचे, आणि त्या दिवसांत पाट्या-वरवंट्यावर मेंदीचा पाला वाटला जायचा. आषाढात, नागपंचमीला पुन्हा. पाल्यात कात घालायचा, लिंबू किंवा चिंच, कोणी चहाचं पाणी. नक्षी अशी नसायचीच. तळहाताच्या मधोमध वाटोळा चांदवा, भोवती ठिपके, बोटांच्या पेरांना टोप्या. किंवा नुसता गोळा मुठीत दाबून वर फडकं बांधायचं आणि झोपायचं. सकाळी जो रंग येईल तो. बायका एकमेकींचे हात उघडून बघायच्या: ‘मस्त रंगनी व माय!’ ती मेंदी माहेराची होती, सणाची होती. लग्नाचा रंग हळदीचा आणि हिरव्या चुड्याचा.

आणि कोपरापर्यंतचा हात रिकामा कुठे असायचा? तिथं गोंदण होतं. आजही तापीकाठच्या गावांत सत्तरीच्या पुढच्या बायकांच्या हातांवर तुळस, विंचू, ठिपक्यांच्या ओळी, भावाचं किंवा नवऱ्याचं नाव दिसतं. सातपुड्याच्या पायथ्याशी भिल्ल, पावरा बायकांच्या हातांवर तर आणखी दाट. गोंदणाची नक्षी बाईबरोबर जळते, बाकीचे दागिने इथंच राहतात, असं त्या सांगायच्या. त्यांच्या मुलींच्या पिढीला गोंदण खेडवळ वाटू लागलं, शाळेत-कॉलेजात त्यावरून हसू व्हायचं, आणि हात मोकळे राहिले. मेंदी वर चढली ती त्याच जागेवर. आजीच्या हातावर सुईनं टोचलेलं नाव होतं. नातीच्या हातावर नक्षीत लपवलेलं असतं आणि नवऱ्यानं ते शोधायचं असतं. दोन-तीन आठवड्यांत कातडीबरोबर ते निघूनही जातं. मला नातीचा सौदा बरा वाटतो. आजीला टोचताना कोणी विचारलं नव्हतं.

नक्षी शिकवली शेजारणींनी. जळगावच्या सराफ बाजारात, दाणाबाजारात, धुळ्याच्या आग्रा रोडवर मारवाडी, गुजराती कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. फाळणीनंतर सिंधी आले. त्यांच्याकडे तीज, करवा चौथ आणि लग्न मेंदीवाचून होत नाही. मुसलमान घरांत मेंदीची रात्र हा लग्नाचाच भाग, आणि ईदच्या आधीची चांदरात ही बाजारातल्या मेंदीवालीची सगळ्यात मोठी रात्र. तिकडून मोकळी जागा सोडणारी, मोठ्या फुलांची आणि तिरक्या वेलींची अरबी नक्षी आली. मारवाड्यांकडून कप्पेबंद, एक बोटभर जागा न सोडणारी. आज खानदेशी नवरी जिला ‘ब्रायडल’ म्हणते तिच्यात दोन्ही मिसळलेल्या असतात. मेंदी काढणाऱ्यांत मुसलमान मुली पुष्कळ आहेत आणि लेवा, गुजर, मराठा, माळी घरांतल्या नवऱ्या त्यांच्यापुढे तासन्‌तास हात धरून बसतात. दंगलीच्या बातम्यांत ज्या शहरांची नावं येतात त्याच शहरांत हे रोज घडतं, आणि याची बातमी होत नाही.

सिनेमानं वेग दिला. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आणि पुढच्याच वर्षी ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ आला, आणि लग्नाआधीचा गाण्या-नाचण्याचा दिवस घरोघरच्या मुलींनी पाहून ठेवला. दुसरा रस्ता सुरतेचा. जळगावहून अमळनेर, नंदुरबार करत सुरतेला जाणारी रेल्वे हा खानदेशाचा जुना पोटापाण्याचा मार्ग. सुरतेच्या उधना, लिंबायतमध्ये अहिराणी बोलणाऱ्या वस्त्याच आहेत. बस्ता सुरतेचा, सोयरीक सुरतेची. तिकडे वाढलेल्या मुली लग्न होऊन शिंदखेडा, पारोळ्याला आल्या त्या कोपरापर्यंत भरलेले हात घेऊनच. गावच्या मुलींनी ते पाहिले आणि पुढच्या लग्नात मागितले.

ज्या मुलींनी ते काढायला घेतलं त्यांची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. सुरुवात शाळेच्या गॅदरिंगमधल्या मेंदी स्पर्धेतून, नाहीतर महिला मंडळाच्या वर्गातून. पुढे वहीवर, मग आईच्या हातावर, मग गल्लीतल्या सगळ्यांच्या हातांवर फुकट. आता मोबाइलवर पाहूनही शिकतात. भांडवल अगदी थोडं: पावडर, प्लॅस्टिकचा पातळ कागद, चिकटपट्टी, निलगिरीचं तेल. बी.ए., बी.कॉम. झालेली, नोकरी न मिळालेली, घरच्यांनी बाहेरगावी न पाठवलेली मुलगी या कामाला बाहेर पडू शकते, कारण जायचं असतं बायकांत. ज्या घरात मुलीनं दुकानात उभं राहणं चालत नाही तिथंही मेंदीला जाणं चालतं. या एका सवलतीतून कित्येकींनी फी भरली आहे, स्कूटी घेतली आहे, कोणी मोडलेल्या संसारातून बाहेर येऊन लेकरं सांभाळली आहेत.

पण घासाघीस करताना माणसांची जीभ जड होत नाही. मांडव, डीजे, ड्रोन, यांचे पैसे मुकाट्यानं जातात. मेंदीवाल्या ताईला मात्र ‘नवरीचं झालं, आता घरातल्या चार बायकांचं असंच काढून द्या’ म्हणतात. ते ‘असंच’ रात्री बारापर्यंत चालतं. मान वाकलेली, कंबर आखडलेली, अंगठा आणि तर्जनी कोन दाबून बधिर. मग परत कसं जायचं ते तिचं तिनं बघायचं. शहाण्या ताईंनी आता नियम केले आहेत: आगाऊ रक्कम, नवरीचा दर वेगळा आणि इतरांचा हातागणिक वेगळा, रात्री सोडायला घरचं माणूस. या नियमांना आखडूपणा म्हणणाऱ्यांनी सहा तास वाकून कोपरापर्यंत एक रेघ न थरथरता काढून बघावी.

आता कोनाविषयी. हे लग्नघरातल्या प्रत्येकानं वाचावं असं मला मनापासून वाटतं. चांगली मेंदी राजस्थानातल्या पाली जिल्ह्यातल्या सोजतची. ‘सोजत मेंदी’ला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पावसाच्या मुलखातलं हे झुडूप एकदा लावलं की वर्षानुवर्षं पाला देतं. पावडर वस्त्रगाळ करायची, लिंबाच्या रसात, साखरेच्या पाण्यात कालवून काही तास मुरू द्यायची आणि कोन भरायचे. हा कोन उन्हाळ्यात बाहेर दोन-तीन दिवसांत मरतो. फ्रीजरमध्ये ठेवला तर टिकतो. म्हणजे दुकानात महिनोन्‌महिने टांगलेला, तरी ताजा असलेला कोन निव्वळ मेंदीचा असू शकत नाही. दहा-पंधरा मिनिटांत गर्द रंग देणारा तर नाहीच, आणि काळा रंग देणारा मुळीच नाही. शुद्ध मेंदी काळी होत नाही.

काळेपणा बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायमीन, म्हणजे पीपीडी, या केसांच्या कलपातल्या रसायनाचा असतो. युरोपात केसांच्या रंगात ते २ टक्क्यांच्या वर चालत नाही आणि कातडीवर लावायला परवानगी नाही. अमेरिकेत तर मेंदीलाच फक्त केस रंगवण्यापुरती मान्यता आहे. पीपीडीनं हातावर नक्षीच्या आकाराचे फोड उठतात, व्रण राहतात. त्याहून वाईट म्हणजे शरीर त्याची आठवण ठेवतं. एकदा ॲलर्जी जडली की ती जन्मभराची. पुढे पन्नाशीत केसांना कलप लावला की चेहरा सुजतो. तळहाताएवढ्या नक्षीत जे घातक आहे ते दोन्ही हात आणि पोटऱ्या भरायला वापरलं, तर किती कातडी त्याखाली येते याचा विचार करा. भरगच्च मेंदी काढायची तर कोन कोणाचा, कधी भरलेला, आत काय, हे विचारलंच पाहिजे, आणि ज्या ताई स्वतः कोन भरतात त्यांना दोन पैसे जास्त दिलेच पाहिजेत. तान्ह्या बाळाच्या हातावर हौसेनं ठिपका ठेवणं तर शुद्ध मेंदीचंही टाळावं. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळांच्या रक्तपेशी तिनं फुटू शकतात.

नक्षीविषयी माझी एक तक्रार आहे. मुली मोबाइलवर जी चित्रं दाखवतात ती सगळीकडे सारखीच. हवेलीच्या कमानी, हत्ती, शहनाई, नवरा-नवरीचे चेहरे. अरब देशांत प्रांताप्रांताची मेंदी ओळखू येते, मोरोक्कोतल्या फेसची भूमितीसारखी काटेकोर नक्षी वेगळी. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोनं मेंदीच्या रीतींना मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं ते १६ अरब देशांच्या एकत्रित प्रस्तावावरून. भारत त्यात नव्हता. आपल्याकडे एवढं काम होतं, पण कोणत्या मुलखाची कोणती नक्षी हे फारसं कोणी नोंदलेलं नाही. खानदेशाला आकारांची काय वाण? दाराशी बांधतात ते केळीचे घडासकट खांब, श्रावणात कानबाई बसते तो चौरंग आणि तिचा नथ घातलेला नारळ, आखाजीचा झोका, कापसाचं फुटलेलं बोंड, आणि आजीच्या हातावरची गोंदणाची तुळस. कोपरापासून मनगटापर्यंतच्या जागेत हे सगळं सहज मावतं. केळीचं पान तर हाताच्या लांबीलाच जुळतं; मधली शीर मनगटातून खाली उतरवावी आणि दोन्ही बाजूंनी जाळी भरावी. एखाद्या ताईनं हे काढावं आणि एखाद्या नवरीनं मागावं.

मेंदीच्या दिवसाला विधी नाही, याचा एक परिणाम कोणी ठरवून घडवलेला नाही. हळद लावायला पाच सवाष्णी लागतात. विधवा काकू, मावशी तेव्हा मागं सरतात, स्वयंपाकघरात काम शोधतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारनं त्याच महिन्यात इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. खानदेशातल्या मांडवांत तो बदल अजून सावकाश येतो आहे. मेंदीला मात्र सवाष्णीची अट घालणारं शास्त्र कोणाकडे नाही, कारण ती आलीच शास्त्राबाहेरून. नवरीचं झाल्यावर बायका ओळीनं बसतात, आणि काही घरांत मी पाहिलं आहे, पुतणी काकूला हाताला धरून त्या ओळीत आणून बसवते. काकू नको नको म्हणतात. ताईला त्यांच्या कपाळाकडे पाहायला वेळ नसतो. अजून नऊ हात बाकी असतात. ती कोनाचं टोक पुसते आणि विचारते, ‘काकू, पुढून काढू का मागून?’